फ्रीजमधला हिवाळा

बियांच्या पाकिटामागच्या सूचना वाचण्यात जी मजा आहे, ती पुष्कळदा बागेत नसते. बागेत ऊन असतं, डास असतात, नेमकं पाणी द्यायच्या वेळी नळ कोरडा असतो. पाकिटावर मात्र सगळं वेळच्या वेळी होतं. कोलंबाइनच्या पाकिटामागे लिहिलं होतं की या बियांना पेरणीआधी तीन-चार आठवडे ओलसर थंडी द्यावी, रोपांना कोवळं ऊन द्यावं, उन्हाळ्यात मुळांशी गारवा राखावा आणि पहिल्या वर्षी फुलांची अपेक्षा ठेवू नये. चारही अटी वाचून मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर शहापूर होतं.

शहापूर म्हटलं की बहुतेकांना ठाणे जिल्ह्यातलं, आसनगाव स्टेशनाजवळचं शहापूर आठवतं. आमचं ते नव्हे. नागपूरहून भंडाऱ्याला येताना भंडारा यायच्या जरा आधी, हायवेला लागून, जवाहरनगरच्या आयुध निर्माणीच्या शेजारी आमचं शहापूर आहे. आजूबाजूला धानाच्या बांध्या, मधूनमधून तलाव आणि बोड्या, आणि दिवसरात्र रायपूरकडे धावणारे ट्रक. हिवाळा इथे पाहुणा म्हणून येतो, उन्हाळा घरजावई म्हणून. मार्चात आला की तो मृगाचा पाऊस येईपर्यंत हलत नाही, आणि सूर्य रोहिणीत शिरला की मेच्या शेवटी नवतपाचे नऊ दिवस तर तो घरचा मालकच होतो. आमच्या उन्हाची कीर्ती नागपूरच्या नावावर जमा होते, हा एक जुना अन्याय आहे. नागपूरला २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली तेव्हा आम्ही काही महाबळेश्वरात बसलो नव्हतो.

पण न्यायानं बोलायचं तर थंडीही आम्हाला अगदीच परकी नाही. त्याच नागपुरात २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे पारा ३.५ वर उतरला होता. त्या दिवशी शहापुरात एखादं कोलंबाइन असतं तर त्याला माहेरी आल्यासारखं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सासर.

हे खूळ डोक्यात शिरलं ते निर्माणीच्या वसाहतीमुळे. सरकारी वसाहतींचा एक गुण असा की तिथे देशभरची माणसं येतात आणि आपापल्या गावचं एखादं झाड डब्यात, तेलाच्या पत्र्याच्या पिंपात, फुटक्या बादलीत घेऊन येतात. केरळचा माणूस अळूच्या आधी कढीपत्त्याची चौकशी करतो, बंगाली माणूस गंधराजाची. अशाच एका गढवाली भाभीजींच्या ओट्यावर चहा पिताना त्यांनी मोबाइलवर माहेरचा फोटो दाखवला. चमोली जिल्ह्यातलं घर, मागे देवदार, ओढ्याकाठी गवतात खाली माना घातलेली जांभळट फुलं. "ये तो वहाँ ऐसे ही उगता है, भाईसाब. कोई लगाता थोड़ी है," त्या म्हणाल्या. ज्या वस्तूसाठी एका ठिकाणी माणसं पैसे मोजून पाकीट मागवतात, ती दुसऱ्या ठिकाणी कुणी लावतसुद्धा नाही, हे ऐकलं की माणूस एकतर विरक्त होतो किंवा पाकीट मागवतो. मी पाकीट मागवलं.

ते फोटोतलं फूल कोलंबाइनचंच, आणि आपल्याच देशातलं. कोलंबाइन म्हटलं की विलायती बाई डोळ्यांसमोर येते, पण काश्मीरपासून उत्तराखंडापर्यंतच्या डोंगरांत त्याच्या रानटी जाती आहेत, आणि त्यांतल्या एका पांढरट जातीला तर सुगंधही आहे. बागेतल्या संकरित जाती मात्र बहुतेक युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या जातींच्या मिसळीतून आल्या. या कुळात सोयरिकीला धरबंध नाही. दोन जाती शेजारी लावल्या की बिया तिसऱ्याच निघतात. निळं हवं म्हणून जपून ठेवलेल्या बीतून गुलाबी उगवतं आणि पाकिटावर नाव टाकणारा तोंडघशी पडतो.

फुलाची घडण पाहण्यासारखी आहे. बाहेरच्या पाच पाकळ्या खरं तर पाकळ्या नव्हेतच, रंगीत झालेली निदलं आहेत. आतल्या पाच खऱ्या पाकळ्या, आणि त्यांतली प्रत्येक मागच्या बाजूला निमुळती होत होत पोकळ नळी बनते. नळीच्या टोकाला मध. फूल जमिनीकडे तोंड करून लोंबतं, म्हणून या पाच नळ्या आकाशाकडे जातात आणि लांबून वाटतं की फुलाला कुणी उलटी शिंगं बसवली आहेत. पुढे बी धरलं की देठ सरळ होतो आणि शेंगा ताठ उभ्या राहतात. तारुण्यात मान खाली आणि पोरंबाळं झाल्यावर मान वर, हा क्रम मी माणसांतही पाहिला आहे.

नळीच्या लांबीत मोठं राजकारण आहे. अमेरिकेतल्या व्हिटल आणि हॉजेस या दोन शास्त्रज्ञांनी २००७ साली 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की तिथल्या कोलंबाइनच्या नळ्या पाहुण्याप्रमाणे लांबत गेल्या. भुंग्यांसाठी आखूड, गुंजनपक्ष्यांसाठी मध्यम, आणि रात्री येणाऱ्या लांब सोंडेच्या पतंगांसाठी सर्वांत लांब. एका जातीत तर ती वीतभराच्या आसपास जाते. आणखी पाच वर्षांनी दुसऱ्या एका गटानं या नळ्या सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या. लांब नळीत पेशी जास्त असतील असा कुणाचाही अंदाज. तसं काही नव्हतं. पेशी जवळजवळ तितक्याच, फक्त त्या ताणून लांबट झालेल्या. माणसं न वाढवता काम वाढवायची ही पद्धत सरकारी कचेऱ्यांनी फार आधी शोधली होती, पण त्यांनी ती कुठे छापली नाही.

आणि तरीही फसवणारे फसवतातच. ज्या भुंग्याची जीभ आखूड, तो समोरच्या दारानं येत नाही. तो नळीच्या शेंड्याला बाहेरून भोक पाडतो, मध पितो आणि परागांना हातही न लावता निघून जातो. ही चोरी जगभरच्या बागांत दिसते. एवढी युगंयुगं खपून बांधलेल्या वाड्याला मागून खिडकी फोडून लोक आत शिरतात.

तर बी आलं. काळं, चकचकीत, बारीक. ओल्या वाळूत मिसळून झाकणाच्या डबीत भरलं आणि डबी फ्रीजमध्ये ठेवली. इथून घरात प्रश्न निर्माण झाला. फ्रीजवर आमच्याकडे आत्याची सत्ता आहे. आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण, जन्म भंडाऱ्याजवळच्या खेड्यातला, आणि सांदवाडीतली आख्खी बाग तिच्या हातची. वांगी, वाल, अंबाडी, तुळस, जास्वंद, तगर, शेवंतीचे दोन वाफे. तिनं डबी उघडून पाहिली.

"काऊन रे, या बिजाले थंडी कायले पायजे? आपल्या धानाले त नाही लागत!"

प्रश्न बरोबर होता. धानाचं बी पाण्यात भिजवून, पोत्यात गुंडाळून उबेला ठेवायचं, मोड आले की पऱ्हे टाकायचे, ही आमच्याकडची रीत. बीला ऊब देणाऱ्या घरात बीला थंडी देणं म्हणजे उलटा कारभार. मी समजावलं की हे बी डोंगरातलं आहे. तिथे शरदात पडलेलं बी लगेच उगवलं तर बर्फात मरेल. म्हणून हिवाळा होऊन गेल्याची खात्री पटल्याशिवाय ते डोळा उघडत नाही. आपण त्याला खोटा हिवाळा दाखवायचा. आत्यानं थोडा विचार केला. "म्हंजे फसवाचं त्याले," ती म्हणाली. तिनं कैरीच्या लोणच्याची बरणी एका बाजूला सरकवून डबीला जागा दिली. आत्याला फसवणुकीचं वावडं नाही, कारण मांजराला दूध दाखवून घराबाहेर काढणं हे तिचं रोजचं काम आहे. मी मात्र खबरदारी म्हणून डबीवर चिठ्ठी चिकटवली: बी आहे, फोडणी नाही. ती चिठ्ठी गमतीची नव्हती. हे बी दिसायला थेट कलौंजीच्या नात्यातलं, आणि खरोखरच दोघी एकाच कुळातल्या. पण कलौंजी नानवर टाकतात आणि कोलंबाइनचं बी विषारी असतं. कुळ एक असलं तरी स्वभाव एक नसतो.

खोट्या हिवाळ्यातही खरे ऋतू आले. दुपारी वीज जायची आणि फ्रीजमध्ये वसंत अवतरायचा. वीज आली की पुन्हा माघ. गढवालातल्या कुठल्याही बीनं इतक्या झपाट्यानं इतकी वर्षं पाहिली नसतील. तरी दिवाळीनंतर वाफ्यात वरच्यावर पसरलेली ती बियाणी उगवली. वरच्यावर, कारण या बीला उगवायला उजेड लागतो, वर मातीचा थर दिला की ते रुसतं. डिसेंबर-जानेवारीत पानं आली आणि ती पानं पाहून मी पाकिटाचे सगळे पैसे वसूल झाले असं मानतो. तीन-तीनच्या झुपक्यांतली, कडेला गोल कातरलेली, निळसर झाक असलेली पानं. पहाटे धुकं पडलं की त्यांच्यावर पाणी पसरत नाही, थेंब जसेच्या तसे गोळीसारखे बसून राहतात. घरी आलेल्या प्रत्येकानं "कोथिंबीर मस्त आली" असं म्हटलं. आत्यानं प्रत्येकाला बजावलं, "हात नोका लावू, बिमार पडसान."

फुलं? तिथेच तर गोम आहे. बीला एक हिवाळा लागतो आणि वाढलेल्या झाडाला दुसरा. बहुतेक जातींना कळी धरण्याआधी अडीच-तीन महिने सलग चार-पाच अंशांची थंडी हवी. आमच्याकडे असली पहाट एखादीच येते, ती वर्तमानपत्रात छापून येते आणि शाळांच्या वेळा बदलायच्या मागण्या सुरू होतात. अख्खं झाड कुंडीसकट फ्रीजमध्ये ठेवण्याचा प्रस्ताव मी आत्यापुढे मांडला नाही. माझीही काही प्रतिष्ठा आहे. मार्च संपता संपता पानं पिवळी झाली आणि एप्रिलात वाफा रिकामा झाला. यात झाडाचा दोष नाही आणि शहापूरचाही नाही. दोघांचं पत्रिकेत जमत नव्हतं.

टेक्सासमध्ये एक पिवळी जात आहे. मेक्सिकोच्या सीमेजवळ, कपोते नावाच्या धबधब्यापाशी रानात वाढणारी. ती तिथल्या भाजणाऱ्या उन्हाळ्यातही सावलीत तग धरते म्हणून बागांत फार चालते. मला ते वाचून क्षणभर हुरूप आला. पण त्या धबधब्याला हिवाळाही आहे हे पुढच्या ओळीत आलं. उन्हाळा सोसणं वेगळं आणि हिवाळ्याविना राहणं वेगळं. आपण ज्याला चिवटपणा म्हणतो तो बहुतेक वेळा वर्षातून दोन-तीन महिन्यांच्या विश्रांतीवर उभा असतो, हे ज्यांनी शाळेत नोकरी केली त्यांना सांगावं लागत नाही.

समजा, फुलं आलीच असती. मग काय केलं असतं? हा प्रश्न मला त्या रिकाम्या वाफ्यापाशी उभं राहून पडला आणि खरी गंमत तिथून सुरू झाली. पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: कापून फुलदाणीत ठेवण्यास उत्तम. दांडीवरचं पहिलं फूल उमलत असताना आणि बाकीच्या कळ्यांना रंग चढलेला असताना सकाळी कापायचं, लगेच पाण्यात बुडवायचं, म्हणजे पाच-सात दिवस टिकतं, वगैरे. पाच-सात दिवस हे काही वाईट नाही. तेरड्याचा रंग तीन दिवस असं म्हणत आपण पिढ्यान्‌पिढ्या तेरडा लावतोच आहोत, आणि त्याच्याही फुलामागे तशीच मधाची वाकडी शेपटी असते, कधी पाहिली नसेल तर श्रावणात पाहा. पण 'कापून' हा शब्द शहापुरात अडतो. आमच्याकडे फूल कापत नाहीत. तोडतात. आणि तोडताना देठ झाडालाच राहतो.

आठवून पाहा. देवाला वाहायचं फूल बिनदेठाचं. हार बिनदेठाच्या फुलांचा. वेणी, गजरा, तोरण, मखराची आरास, मयताच्या अंगावरची उधळण, सगळं डोक्याडोक्यांचं. नागपूरला सीताबर्डीच्या नेताजी मार्केटात पहाटे जा. झेंडूचे, शेवंतीचे ढीग लागलेले असतात आणि फूल काट्यावर चढतं, किलोच्या भावानं. फुलाचं वजन करणारी आपली संस्कृती आहे, तिला देठ म्हणजे बटाट्याला लागलेली माती. निशिगंधाचं तर सरळ दोन धर्मांत विभाजन झालेलं आहे. एकेरी पाकळ्यांचा निशिगंध सुटा तोडून किलोवर हारासाठी जातो, आणि दुहेरी पाकळ्यांचा दांड्यासकट नगावर, फुलदाणीसाठी. एकच झाड, पण एक देवळात आणि दुसरा हॉटेलात.

दांड्याचं फूल आपल्याकडे आलं ते साहेबाच्या जेवणाच्या टेबलावरून. साहेब गेला, टेबल राहिलं. आता तळेगाव-मावळातली हरितगृहं गुलाब-जरबेरा पिकवतात, फेब्रुवारीत मावळचा गुलाब परदेशात जातो, आणि भंडाऱ्यातल्या मंगल कार्यालयाच्या दाराशी बुके मिळतो. जरबेऱ्याची मान फार नाजूक, म्हणून तिला प्लास्टिकची नळी आणि फुलाला प्लास्टिकची टोपी घालतात. त्या बुकेचं आयुष्य मंचावर चढण्यापासून फोटो निघेपर्यंत. मग तो नवरा-नवरीच्या मागच्या खुर्चीवर आडवा होतो. म्हणूनच बहुधा पत्रिकेत तळाशी छापतात, 'कृपया आहेर व पुष्पगुच्छ आणू नये'. आहेराबद्दल ते वाक्य कुणी मनावर घेत नाही. पुष्पगुच्छाबद्दल मात्र यजमान अगदी मनापासून बोलत असतो.

कोलंबाइन या बाजारात बसतच नाही. किलोवर घ्यावं तर वजन नाही. हारात ओवावं तर पाकळ्या झडतात आणि शिंगं एकमेकांत अडकतात. दांडीवर विकावं तर मान खाली, आणि बुकेत मान खाली असलेलं फूल म्हणजे शिळं असं गिऱ्हाईक धरून चालतं. तळेगाववाल्यांनी या फुलाच्या नादी न लागणं हा शुद्ध व्यवहार आहे. ते घरच्या बागेतलंच फूल. ज्याला विकायचं नाही त्यानं लावावं.

तसं कापून ठेवलेलं कोलंबाइन जगानं फार पूर्वी पाहिलं आहे. फ्लॉरेन्सच्या उफित्झी संग्रहालयात ह्युगो व्हान डेर गूस या फ्लेमिश चित्रकाराचं, १४७५ च्या सुमाराचं एक भलंमोठं चित्र आहे. बाळ येशूच्या जन्माचं. मेंढपाळ, देवदूत, मेरी, सगळी गर्दी आहे. पण अगदी पुढे, जमिनीवर, काचेच्या साध्या पेल्यात पाण्यात कोलंबाइनच्या दांड्या आणि लाल कार्नेशनची फुलं ठेवली आहेत, आणि त्यांच्यामागे गव्हाची एक पेंढी आडवी पडली आहे. जाणकार त्या फुलांत धर्माचे अर्थ वाचतात. मी मात्र पुस्तकात ते चित्र पाहिलं तेव्हा माझी नजर पेंढीवरच अडली. आमच्याकडे धान निघालं की अंगणात जागोजागी अशाच पेंढ्या पडलेल्या असतात, फक्त त्यांच्याशेजारी पेल्यात फुलं ठेवायचं कुणाला सुचत नाही. आत्याला चित्र दाखवलं. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "पोरगं उघडं हाये, भुईवर ठेवलं. पांघराले काईच नाही का बाप्पा?" कलेकडे पाहण्याचेही नाना मार्ग असतात. (बाळ खरंच उघडंच जमिनीवर आहे.)

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याचं हे राज्यफूल. १८९९ साली तसं ठरलं. त्यानंतर लोक डोंगरात जाऊन इतकी फुलं उपटू लागले की १९२५ साली कायदा करावा लागला. सरकारी जमिनीवरचं झाड मुळासकट उपटायचं नाही, आणि फुलं-कळ्या-दांड्या तोडायच्याच असतील तर एका माणसानं एका दिवसात पंचवीसच. हा कायदा वाचून मला आमच्या गल्लीची फार आठवण झाली. पहाटे पाचला काठीच्या टोकाला आकडा बांधून, प्लास्टिकची पिशवी घेऊन फिरायला निघणारे सज्जन कुठल्या गावात नाहीत? ते व्यायामाला निघालेले असतात, फुलं वाटेत भेटतात. कुंपणाबाहेर आलेली फांदी सार्वजनिक आणि आत असलेली फांदी ओढून बाहेर आणली की तीही सार्वजनिक. यांच्यापुढे पंचवीसचा कायदा ठेवला तर ते म्हणतील, पंचवीस माझी, पंचवीस सौभाग्यवतीची आणि पंचवीस देवाची. चोरीच्या फुलाचं पुण्य फूल लावणाऱ्याला मिळतं अशी एक सोयीची समजूतही आहे. ती पहिल्यांदा कुणी सांगितली असेल याचा अंदाज करायला फार डोकं लागत नाही.

डार्विनच्या नातीचीही या फुलाशी गाठ आहे. नोरा बार्लो या स्वतः वनस्पतींच्या आनुवंशिकतेचा अभ्यास करणाऱ्या, आणि आजोबांचं आत्मचरित्र घरच्यांनी गाळलेल्या मजकुरासकट १९५८ साली प्रसिद्ध करणाऱ्या बाई. त्यांच्या नावानं ओळखलं जाणारं एक दुहेरी कोलंबाइन फुलदाणीसाठी प्रसिद्ध आहे. त्याला शिंगंच नाहीत, नुसत्या टोकदार पाकळ्यांचा भरगच्च झुपका. आजोबांनी ऑर्किडच्या लांब नळीवरून लांब सोंडेच्या पतंगाचं भाकीत केलं आणि नातीच्या वाट्याला बिननळीचं फूल आलं. वारसाहक्काच्या गोष्टी आपल्याकडेही अशाच होतात.

इथे आत्याची बाजूही मांडायला हवी, कारण ती माझ्यापेक्षा फुलं जास्त ओळखते. तिच्या मते भंडाऱ्याचं सर्वांत मोठं फूल तोडायचंही नसतं आणि कापायचंही नसतं. मोह. मार्च-एप्रिलात, झाडाला पान उरलेलं नसताना, पहाटेच्या अंधारात ती गरगरीत, पिवळसर, गोड फुलं आपोआप गळतात. आदल्या दिवशी झाडाखालचा पाचोळा झाडून ठेवायचा आणि उजाडायच्या आत टोपली घेऊन पोचायचं. वेचून आणायची, उन्हात वाळवायची, आणि मग पुन्हा तो तराजू. माझा वाफा ज्या दिवसांत उन्हानं रिकामा होत होता, त्याच दिवसांत त्याच उन्हात जंगलाकडची गावं फुलं वेचत होती. आत्या लहानपणी मामाच्या गावी वेचायला जायची. "तोडाचं काम नाही, पान्याचं काम नाही, थंडीचं काम नाही," ती म्हणते. त्यात माझ्या डबीला टोमणा आहे हे मला कळतं.

शेवटी मी कोलंबाइनच्या नात्यातलंच, पण उन्हाळ्याच्या आत आटपणारं फूल धरलं. लार्कस्पर. तेही त्याच कुळातलं, त्यालाही मागे मधाची नळी, फक्त पाचांऐवजी एकच. कोजागिरीनंतर रात्री जरा गार पडायला लागल्या की बी थेट वाफ्यातच फेकायचं, कारण उपटून दुसरीकडे लावलेलं त्याला खपत नाही. फ्रीजची गरज नाही. थंडीभर पानं, आणि माघ-फाल्गुनात कमरेएवढे निळे, जांभळे, गुलाबी तुरे. पळस पेटायला लागतो त्या सुमारास ते भरात येतात आणि ऊन तापलं की मुकाट्यानं बी धरून वाळून जातात. पुण्या-नागपूरच्या हिवाळी पुष्पप्रदर्शनांत जे 'सीझनल' म्हणून मिरवतात, त्या पंगतीतलं हे. यात काही शौर्य नाही. पण दांडी लांब, ताठ, मान वर, आणि पाण्यात चांगलं आठवडाभर टिकतं. फुलदाणीत फुलं ठेवायची हौस भागवायला एवढं पुष्कळ.

फुलदाणी घरात नव्हती. भंडारा पितळेच्या भांड्यांचं गाव, त्यामुळे माळ्यावर पितळी भांडी मात्र पोत्यानं. त्यांतला एक उंच मानेचा गडवा काढून चिंचेनं घासला, पाणी भरलं, सकाळी उजाडताच तुरे कापले, खालची पानं काढली आणि गडवा पुढच्या खोलीत खिडकीपाशी ठेवला. निळ्याला पितळ फार शोभतं. येणारे-जाणारे थबकले. भाभीजींनी वास घेऊन पाहिला, वास नाही म्हणून थोडी निराशा दाखवली आणि तरी फोटो काढून चमोलीला पाठवला. आत्या जवळ येऊन, चष्मा वर करून, फूल उलटं करून त्याची शेपटी पाहून गेली. "बेस हाये," इतकंच म्हणाली. आत्याकडून हे म्हणजे ताम्रपट.

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. मी उठून पुढच्या खोलीत आलो तर गडव्यात पाणी होतं, पाण्यात दांड्या होत्या, आणि दांड्यांवर काहीच नव्हतं. देवघरात विठ्ठलाच्या पायापासून कमरेपर्यंत निळा-जांभळा ढीग लागलेला, फुलन्‌फूल देठापासून नीट खुडलेलं. आत्या माळ ओढत बसली होती. मी काही बोलायच्या आत तिनंच एक डोळा उघडला.

"दांड्या ठेवल्या ना तुयासाठी," ती म्हणाली. "पानी बदलून दे त्याइचं."